गालावरचा हस्तिदंत
रोकोको, म्हणजे अठराव्या शतकातल्या युरोपातली नाजूक सजावटी शैली, त्या काळातल्या एखाद्या उमरावाचं हस्तिदंतावर काढलेलं चित्र तळहाताएवढंही नसतं, पावडर मारलेला विग, मखमली कोट, गुलाबी गाल, आणि त्याला मिनिएचर म्हणतात म्हणून आपण धरून चालतो की मिनिएचर म्हणजे छोटं. मुळात तसं नाहीये! शब्द आलाय लॅटिन मिनियमवरून, म्हणजे जवळजवळ आपला शेंदूरच. हस्तलिखितातली मोठी अक्षरं त्याने रंगवायचे, तिथून तो चित्रांना चिकटला.

चेहऱ्यांची अशी छोटी चित्रं युरोपात १५२० च्या दशकात सुरू झाली, इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीच्या दरबारात आणि तिकडे फ्रान्समध्ये. पण तेव्हा ती वासराच्या पातळ कातड्यावर काढायचे आणि मागून चक्क पत्त्यातलं पान चिकटवायचे.

हस्तिदंत आला साधारण १७०० च्या सुमाराला, व्हेनिसमध्ये. रोझाल्बा कारिएरा नावाची बाई तपकिरीच्या डब्यांची झाकणं रंगवायची आणि त्यातूनच ती हस्तिदंतावर माणसं रंगवायला लागली, पुढे १७०५ मध्ये रोमच्या चित्रकारांच्या अकादमीने तिला असंच एक हस्तिदंतावरचं चित्र बघून सभासद करून घेतलं. लंडनमध्ये बर्नार्ड लेन्स या चित्रकाराने १७०७ च्या आसपास हे सुरू केलं.

आता गंमत अशी की हस्तिदंतावर वॉटरकलर नीट बसतच नाही, पृष्ठभाग गुळगुळीत आणि तेलकट, रंग घसरतो. त्यामुळे सुरुवातीची मंडळी कातड्यावर काढल्यासारखा जाड रंग थापायची, म्हणजे मग हस्तिदंत घेऊन फायदा काय? अठराव्या शतकाच्या मध्यानंतर डोकं चाललं: हस्तिदंताची चकती आणखी पातळ कापायची, तेल काढायचं, उन्हात ठेवून पांढरी करायची, प्यूमिस दगडाने घासायची, आणि चेहऱ्यावर रंग अगदी विरळ ठेवायचा, बारीक ठिपक्या-रेघांनी. आतून हस्तिदंतच चमकतो आणि त्वचा जिवंत वाटते. काहीजण मागे चांदीचा वर्खही लावायचे. कोटासाठी मात्र जाडच रंग. पॅरिसमध्ये स्थायिक झालेल्या पीटर अडोल्फ हॉल या स्वीडिश चित्रकाराने तर ब्रश इतका मोकळा सोडला की जवळून बघितलं तर नुसते फटकारे दिसतात. मला विचाराल तर या सगळ्यांत तोच भारी.

आणि हे भिंतीवर लावायला नव्हतंच. लग्न ठरलं, लढाईला निघाला, परदेशी राजदूताला भेट द्यायची आहे, असल्या वेळी लॉकेटमध्ये, ब्रेसलेटमध्ये नाहीतर डबीच्या झाकणात बसवून द्यायचे. जॉन स्मार्ट हा इंग्रज चित्रकार तर १७८५ मध्ये हा धंदा घेऊन मद्रासला आला आणि दहा वर्षं राहिला, अर्काटच्या नवाबाचीही चित्रं काढली त्याने.

१८३९ मध्ये डॅगेरोटाइप, म्हणजे सुरुवातीचा फोटो, आला, चेहरा स्वस्तात मिळायला लागला आणि धंदा हळूहळू बसला. उरलेल्या चित्रांना आता उजेड चालत नाही, गालाचा गुलाबी रंग आधी उडतो, दमट हवेत चकती वाकते. ब्रिटनने २०१८ च्या कायद्याने हस्तिदंताची बहुतेक खरेदी-विक्री बंद केली, पण १९१८ च्या आधीची असली पोर्ट्रेट्स ३२० चौरस सेंटीमीटरपर्यंत असतील तर त्यांना सूट आहे, अर्थात नोंदणी करून. आपल्याकडे मात्र हस्तिदंताचा व्यापारच बंद.