पल्पोटॉमी की पल्पेक्टॉमी?

भाचीच्या दुधाच्या दाढेला खोलवर कीड लागली होती. संमतिपत्रावर उपचाराचं नाव लिहिलं होतं 'पल्पोटॉमी' आणि खालच्या ओळीत 'गरज पडल्यास पल्पेक्टॉमी'. बहिणीला वाटलं, एकच शब्द दोनदा लिहिलाय, एकदा चुकून. पण ती चूक नव्हती. दाढेच्या आतलं काय राहणार आणि काय जाणार, हे त्या दोन शब्दांतल्या एवढ्याशा फरकावर ठरत होतं.

दोन्हींत 'पल्प' आहेच. दाताच्या कठीण कवचाआड रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असलेला मऊ भाग असतो, तो पल्प. बोलताना आपण त्याला सरसकट 'नस' म्हणतो. खरी गंमत शब्दाच्या शेपटीत आहे. ग्रीक भाषेत 'टोमे' म्हणजे कापणं. ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत, तो 'ॲटम', हा त्याच घरातला शब्द. त्याच्याआधी 'एक्', म्हणजे 'बाहेर', लागलं की 'एक्टोमे' होतं: कापून बाहेर काढणं. म्हणून 'टॉमी' म्हणजे चिरणं, उघडणं आणि 'एक्टॉमी' म्हणजे काढून टाकणं.

मराठी माणसाला हे लक्षात ठेवायला अवघड जाऊ नये, कारण आपल्याकडे छेद आणि उच्छेद ही जोडी आहेच. छेद दिला तर वस्तू जागेवर राहते, उच्छेद केला तर ती उरत नाही. सुश्रुताने शस्त्रकर्माचे आठ प्रकार सांगितले, त्यांतही हा भेद आहे: 'भेद्य' म्हणजे चिरून उघडणं, 'छेद्य' म्हणजे कापून वेगळं करणं. (आजच्या बोलीत 'छेद' म्हणजे चीर, त्यामुळे इथे जरा सावध राहावं लागतं.)

आता परत दाढेकडे. पल्पोटॉमीत डॉक्टर दाढेच्या वरच्या पोकळीचं छत उघडतात आणि तिथला पल्प काढतात. मुळांमधला पल्प मात्र तसाच ठेवतात. मग ओलसर कापसाचा बोळा काही मिनिटं दाबून धरतात. रक्त थांबलं, तर मुळांतला पल्प बहुधा निरोगी आहे असं धरून त्यावर औषध भरतात आणि दाढेला कॅप बसवतात. रक्त थांबतच नसेल, तर सूज मुळांपर्यंत पोचलेली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा पल्पेक्टॉमी: बारीक फाइली मुळांत घालून सगळा पल्प साफ करायचा. दुधाच्या दाढेत नंतर भरायची पेस्टही शरीरात विरघळणारी लागते, कारण खालून कायमचा दात वर येताना दुधाच्या दाढेची मुळं झिजून जायची असतात. संमतिपत्रावर दोन्ही नावं होती ती यासाठी. निर्णय त्या कापसाच्या बोळ्यावर होणार होता.

इथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पल्पोटॉमीच्या नावात 'एक्' नाही, तरी थोडा पल्प निघतोच. उलट पुरुषांच्या नसबंदीला व्हॅसेक्टॉमी म्हणतात, पण शुक्रवाहिनी अख्खी काढत नाहीत, सहसा तिचा छोटा तुकडा काढतात. शब्दाची फोड दिशा दाखवते. नेमकं किती काढणार, हे डॉक्टरांनाच विचारावं लागतं.

काही ठिकाणी मात्र फोड फार उपयोगी पडते. हिस्टेरेक्टॉमी म्हणजे गर्भाशय काढणं. हिस्टेरोटॉमी म्हणजे गर्भाशयाला चीर देणं. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर काढताना तेच करतात. ऐकायला फरक एवढासाच, पण पहिलीनंतर गर्भधारणा शक्य नाही आणि दुसरीनंतर गर्भाशय जागेवरच असतं. मेंदूच्या शस्त्रक्रियेतही तसंच. क्रेनिओटॉमीत कवटीचा तुकडा बाजूला करून काम झालं की तो परत बसवतात. क्रेनिएक्टॉमीत तो लगेच बसवत नाहीत, उदाहरणार्थ मेंदूला खूप सूज असेल तेव्हा. त्या जागी काही काळ हाडाचं संरक्षण नसतं, म्हणून रुग्णाला डोकं फार जपावं लागतं. घरच्यांना हा एक शब्द नीट कळला, तर त्या सूचनेचं कारणही कळतं.

टॉन्सिलेक्टॉमी, अपेंडिसेक्टॉमी सरळच आहेत. कोलेसिस्टेक्टॉमी लांबलचक दिसते, पण 'कोले' पित्त, 'सिस्ट' पिशवी, म्हणजे पित्ताशय काढणं.

या दोघींच्या शेजारी तिसरी उभी असते: 'स्टॉमी'. तिचा 'टॉमी'शी संबंध नाही. ती 'स्टोमा' या ग्रीक शब्दातून आली, ज्याचा अर्थ तोंड. तोंड येतं त्याला डॉक्टर स्टोमॅटायटिस म्हणतात, तोच हा शब्द. कोलॉस्टॉमी म्हणजे मोठ्या आतड्याला पोटावर नवं तोंड करून देणं. कोलेक्टॉमी म्हणजे ते आतडं, पूर्ण किंवा काही भाग, काढणं. कधी एकाच शस्त्रक्रियेत दोन्ही करतात, आणि मग कागदावर दोन्ही शब्द शेजारी-शेजारी येतात.

भाचीच्या दाढेतलं रक्त तीन-चार मिनिटांत थांबलं. दुसऱ्या ओळीची गरज पडली नाही.