पिटो-स्थितिक नळ्या, स्वनिर्मित विमानांतील

विमानाचा हवेतील वेग, उंची आणि चढण्या-उतरण्याचा दर दाखवणाऱ्या उपकरणांपर्यंत बाहेरच्या हवेचा दाब पोहोचवणाऱ्या नळ्यांना पिटो-स्थितिक नळ्या म्हणतात. कारखान्यात तयार झालेल्या विमानात त्या कोठून जातात हे वैमानिकाला बहुधा ठाऊकही नसते. आपले विमान ज्याने स्वतःच्या गॅरेजमध्ये बांधले, त्याला मात्र त्या निवडाव्या, ओवाव्या आणि तपासाव्या लागतात. ही हौस अमेरिकेत सर्वाधिक रुजली आहे. तेथे निम्म्याहून अधिक काम हौशी व्यक्तीने शिक्षणासाठी किंवा छंद म्हणून केले असेल, तर त्या विमानाला ‘प्रायोगिक’ वर्गाचे प्रमाणपत्र मिळू शकते आणि प्रमाणित सुटे भागच वापरण्याचे बंधन त्यावर बहुतांशी राहत नाही.

फ्रेंच अभियंता आंरी पिटो याने १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी वाकवलेली काचेची नळी वापरली. तिचेच तत्त्व विमानात वापरले जाते. वाऱ्याकडे तोंड केलेल्या पिटो नळीत एकूण दाब मिळतो, विमानाच्या कुशीवरील छिद्रातून केवळ स्थितिक दाब, म्हणजे भोवतालच्या हवेचा स्वतःचा दाब, मिळतो आणि या दोहोंच्या फरकावरून वेगदर्शक वेग दाखवतो. हा फरक अतिशय लहान असतो. समुद्रसपाटीला १०० नॉट वेगाने तो सुमारे १६५ मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका भरतो आणि ५० नॉटला, म्हणजे अनेक हलकी विमाने जमिनीवर टेकण्याच्या बेतात असतात तेव्हा, जेमतेम ४१ मिलिमीटर. शिवाय या नळ्यांतून हवा जवळजवळ वाहतच नाही, ती फक्त दाब निरोपासारखा पोहोचवते. म्हणून नळी किती लांब किंवा किती महाग आहे याला फारसे महत्त्व नाही. ती गळू नये, तिच्यात पाणी साचू नये आणि ती चिमटली जाऊ नये, एवढ्यावर सारे अवलंबून असते.

पूर्वी पाव इंच व्यासाची मऊ ॲल्युमिनियमची नळी आणि तिचे टोक ३७ अंशांत फुलवून (फ्लेअर करून) बसवलेले जोड हीच रीत होती. आता बहुतेक हौशी बांधणारे पॉलिइथिलीनची किंवा नायलॉनची नळी आणि पुश-फिट जोड वापरतात. आपल्याकडे घरोघरी पाणी शुद्ध करणाऱ्या आरओ यंत्राला जी पाव इंची नळी आणि जे दाबून बसवायचे जोड असतात, ते याच जातीचे. मात्र येथेच एक फसगत होते. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर, आणि बाजारात वायुदाबाच्या यंत्रांसाठी ६ मिलिमीटरची नळीही सर्रास मिळते. ती पाव इंची जोडात शिरते, धरल्यासारखीही वाटते, पण गळते. नळीचे टोक पक्कडीने न कापता धारदार कटरने काटकोनात कापावे लागते, कारण टोक चपटे झाले किंवा बाहेरच्या पृष्ठभागावर ओरखडा पडला तर आतले रबरी कडे तेथे घट्ट बसत नाही. उपकरणाच्या पाठीमागे बहुधा अष्टमांश इंची निमुळते आटे असतात. त्यांवर सीलंट किंवा टेफ्लॉन टेप लागते, पण सुरुवातीचे एक-दोन आटे मोकळे ठेवावेत, नाहीतर टेपचा तुकडा आत जाऊन छिद्र बुजवतो. फ्लेअर केलेल्या जोडावर टेप लावणे ही चूकच आहे.

पिटो गरम करण्याची सोय असेल, तर तिच्यालगतचा काही भाग ॲल्युमिनियमचाच ठेवतात, कारण प्लास्टिक तेथे मऊ पडते. पंखाच्या रिब्जमधून, म्हणजे आतल्या आडव्या फासळ्यांमधून, नळी नेताना प्रत्येक छिद्रात ग्रोमेट (कडेने नळी घासू नये म्हणून रबरी कडे) बसवतात आणि पंख काढता यावा म्हणून मुळाशी थोडी ढिलाई व एक सुटा जोड ठेवतात. पिटो आणि स्थितिक नळ्यांना वेगळे रंग दिले तर पुढे पंख परत जोडताना अदलाबदल होत नाही. नळीला उतार द्यावा लागतो. कुशीवरील छिद्रापासून ती आधी वर चढवून मग पुढे नेली, तर आत आलेले पावसाचे पाणी आल्या वाटेने परत जाते. सगळ्याच विमानांत पिटो पंखाखाली असते असे नाही: स्वतः बांधायच्या विमानांचे संच विकणाऱ्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-१२ मध्ये ती प्रोपेलरच्या टोपीच्या मधोमध, पोकळ दांड्यातून बाहेर येते.

स्थितिक छिद्राची जागा हा या विषयातील सर्वांत नाजूक भाग आहे. विमानाच्या अंगाभोवती दाब जागोजागी बदलतो, आणि बाहेरच्या हवेइतकाच दाब मिळेल अशा जागा मोजक्याच असतात. आराखडाकाराने चाचणी करून ठरवलेली जागा आपल्या सोयीने हलवू नये. दोन्ही कुशींना छिद्रे करून ती आत एकमेकांना जोडतात, म्हणजे विमान तिरके सरकताना एका बाजूचा वाढीव दाब दुसऱ्या बाजूच्या घटीने बऱ्याच अंशी भरून निघतो. व्हॅन्सच्या अनेक विमानांत हे छिद्र म्हणजे मधली तार काढून टाकलेले साधे पॉप रिव्हेट असते. काही जण ते ओबडधोबड दिसते म्हणून त्याजागी पृष्ठभागाशी सपाट, देखणे छिद्र बसवतात, आणि मग वेग व उंची चुकीची दिसू लागते. रिव्हेटचे उंचवट्याचे डोकेच तेथील दाब बरोबर ठेवत होते. काहींना शेवटी त्या देखण्या छिद्राभोवती पातळ चकती चिकटवावी लागते.

गळती दोन्ही नळ्यांची सारखी घातक नसते. पिटो नळी गळली तर वेग कमी दिसतो आणि वैमानिक थोडा जास्तच वेगाने उडतो. स्थितिक नळी केबिनमध्ये गळली तर गोष्ट उलटी होते, कारण केबिनमधला दाब बहुधा बाहेरच्यापेक्षा कमी असतो. तेव्हा वेग व उंची दोन्ही प्रत्यक्षापेक्षा अधिक दिसतात, आणि उतरताना ही चूक महागात पडू शकते. तपासणीसाठी स्थितिक नळीतून सिरिंजने हलकेच हवा ओढून उंचीमापक १,००० फूट वाढवतात व नळी बंद करतात. एका मिनिटात १०० फुटांपेक्षा अधिक घट नसावी, हा केबिनमध्ये कृत्रिम दाब न राखणाऱ्या विमानांसाठीचा रूढ निकष आहे. या ओढीने पिटो मोकळी असल्यास वेगदर्शक सुमारे १५० नॉट दाखवतो, म्हणून कमी पल्ल्याच्या वेगदर्शकाला जपण्यासाठी पिटो त्याच नळीला जोडून घेतात. तोंडाने फुंकणे किंवा ओढणे टाळावे. बाहेरचे न पाहता केवळ उपकरणांच्या भरवशावर उडायचे असेल, तर अमेरिकी नियमांप्रमाणे दर २४ महिन्यांनी स्थितिक यंत्रणेची तपासणी आवश्यक असते.

जमिनीवर सर्व बरोबर भरले तरी छिद्राच्या जागेची चूक उडाल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी एकच वेग व उंची राखून वेगवेगळ्या दिशांना उडतात, जीपीएसच्या वेगांवरून वाऱ्याचा परिणाम वजा करतात आणि उरलेला फरक नोंदवतात.

विमान उभे असताना कुंभारीण माशी पिटोच्या तोंडात मातीचे घर करते. तोंड व पाणी निचरण्याचे छिद्र दोन्ही बुजले, तर वेगदर्शक उंचीमापकासारखा वागतो, म्हणजे चढताना वेग वाढल्याचे आणि उतरताना घटल्याचे दाखवतो. स्थितिक छिद्रांची कथा याहून वाईट आहे. २ ऑक्टोबर १९९६ रोजी एरोपेरूचे बोइंग ७५७ विमान समुद्रात कोसळून ७० जण मरण पावले, कारण धुताना छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहून गेली होती. रंगकाम किंवा पॉलिश करताना हौशी बांधणाऱ्यालाही हीच पट्टी लावावी लागते. ती भडक रंगाची घ्यावी आणि तिला लांब लाल फीत बांधावी.