मिठाच्या पाण्याचे घरगुती विद्युत अपघटन

मिठाच्या पाण्यात दोन कांड्या बुडवून त्यांतून डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारा, वीजप्रवाह सोडला की ऋणाग्रापाशी (ऋण टोकाला जोडलेल्या कांडीपाशी) हायड्रोजन आणि धनाग्रापाशी (धन टोकाला जोडलेल्या कांडीपाशी) क्लोरीन सुटतो, आणि पाण्यात सोडिअम हायड्रॉक्साइड, म्हणजेच कॉस्टिक सोडा, तयार होतो. कोकण किनाऱ्यावर यासाठी सामान शोधत हिंडावे लागत नाही. समुद्र दाराशी असतो, नाहीतर बाजारात खडेमीठ मिळते. पण पुस्तकात हे तीन पदार्थ जसे वेगवेगळे लिहिलेले असतात, तसे ते घरच्या भांड्यात वेगळे राहत नाहीत.

धातुरूप सोडिअम मात्र कांडीवर जमत नाही, कारण त्याच्याआधी पाण्याचेच क्षपण होते, म्हणजे पाणीच इलेक्ट्रॉन घेते. रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने १८०७ मध्ये सोडिअम मिळवला तो वितळलेल्या कॉस्टिक सोड्यातून, पाण्यातून नव्हे.

या क्रियेला तत्त्वतः सुमारे २.२ व्होल्ट लागतात, प्रत्यक्षात थोडे जास्तच. म्हणून दीड व्होल्टच्या एका सेलने फारसे काही दिसत नाही, दोन-तीन सेल ओळीने जोडले की बुडबुडे येतात. कांड्या ग्रॅफाइटच्या बऱ्या: दोन्हीकडून टोक काढलेली पेन्सिल चालते. लोखंडी खिळा धनाग्राला लावला तर तो स्वतःच विरघळतो आणि भांड्यात हिरवट-तांबूस गाळ होतो. स्टीलचा चमचा तर लावूच नये. त्यातून क्रोमिअम आणि निकेल पाण्यात उतरतात, आणि क्रोमिअमचे एक रूप कर्करोगकारक आहे.

घरच्या भांड्यात मधे पडदा नसतो. कारखान्यात तो असतो, म्हणून तिथे क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा वेगळे हाती लागतात. इथे बराचसा क्लोरीन त्याच पाण्यातल्या कॉस्टिक सोड्याशी मिसळून सोडिअम हायपोक्लोराइट बनते. ग्रामपंचायत विहिरीत टाकते त्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचे हे भाऊबंद, वासही तसाच. म्हणून कोणी हे पाणी पिण्याच्या हंड्यात घालू पाहील, पण त्याची तीव्रता घरी कळत नाही आणि कांडीतले काय काय उतरले तेही कळत नाही. त्यापेक्षा पिण्याचे पाणी उकळून घ्यावे.

समुद्राचे पाणी घेतले की गंमत वाढते. त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, पण ते सगळे मीठ नव्हे. मॅग्नेशिअम, कॅल्शिअम, थोडे ब्रोमाइडही असते. पावसाळ्यात बरणीतल्या खडेमिठाला पाणी सुटते ते मुख्यतः मॅग्नेशिअम क्लोराइडमुळे. हेच मॅग्नेशिअम ऋणाग्राभोवतीच्या अल्कधर्मी पाण्यात पांढरा साका होऊन बसते, आणि कांडीवर कॅल्शिअम कार्बोनेटचा थरही चढतो. शुद्ध मिठाच्या द्रावणात हे दिसत नाही. वास्तुविशारद वुल्फ हिल्बर्ट्झ यांनी १९७० च्या दशकात याच थरातून समुद्रात बांधकाम वाढवण्याची कल्पना मांडली. पुढे प्रवाळ वाढवण्यासाठीही ती वापरली गेली. पाणी खाडीतून आणायचे तर उन्हाळ्यात आणावे, ऐन पावसात ते जवळजवळ गोडे झालेले असते आणि वीज नीट वाहत नाही.

काय घडते ते पाहायला स्वयंपाकघर पुरेसे आहे. हळद लावलेला कागद ऋणाग्राजवळ, तिथल्या कॉस्टिक सोड्यामुळे, लाल होतो. जास्वंदीच्या पाकळ्यांचा अर्क तिथे हिरवट होतो आणि धनाग्राजवळ त्याचा रंगच उडतो, कारण क्लोरीन रंग खातो. कोकमाचे आगळही चालायला हवे, पण ते इतके आंबट असते की रंग बदलायला वेळ लागतो. दोन-चार थेंबांपेक्षा जास्त घालू नये.

किती वायू निघेल हे फॅरडेच्या नियमांवरून, म्हणजे किती वीज वाहिली यावरून, काढता येते. एक अँपिअर प्रवाह तासभर गेला तर जास्तीत जास्त १.३ ग्रॅम क्लोरीन आणि अर्ध्या लिटरला थोडा कमी हायड्रोजन. दिसायला थोडेच, पण क्लोरीन हवेच्या सुमारे अडीचपट जड असल्याने खाली साचतो, आणि झडीच्या दिवसांत खिडक्या लावलेल्या खोलीत तेवढाही घसा धरतो. प्रयोग पडवीत किंवा अंगणात करावा. हायड्रोजनचे हवेतले प्रमाण ४ ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असले की ठिणगीने पेट घेते, तेव्हा भांड्याला झाकण नको आणि जवळ निरांजन नको. उरलेल्या पाण्यात संडास धुण्याचे ॲसिड ओतले तर क्लोरीन एकदम सुटतो. भिंतीतल्या प्लगमधली वीज थेट पाण्यात सोडणे जिवावर बेततेच, शिवाय ती एसी, म्हणजे सतत दिशा बदलणारी, असल्याने कुठलीच कांडी कायमची धनाग्र राहत नाही.