गारव्याची रेषा वर सरकते तेव्हा: हवाई बेटांवरचे रानपक्षी आणि मलेरिया

हवाई बेटांच्या डोंगरी जंगलांत तापमान दीड-दोन अंशांनी वाढले, तर त्या उष्म्याने बहुधा एकही पक्षी मरणार नाही. तरीही तिथले पक्षी झपाट्याने संपत आहेत, आणि त्यामागे तापमानवाढ आहे. हा दुवा समजून घ्यायचा तर सुरुवात जवळपास दोनशे वर्षांपूर्वीपासून करावी लागते.

तिथले हनीक्रीपर पक्षी रोझफिंचच्या कुळातले. हिवाळ्यात महाराष्ट्रातही उतरणाऱ्या रोझफिंचचे हे लांबचे नातलग. आशियातून काही लाख नव्हे, काही दशलक्ष वर्षांपूर्वी पोहोचलेल्या पूर्वजांपासून तिथे पन्नासहून अधिक जाती घडल्या. कुणाची चोच फुलातला मध ओढण्यासाठी बाकदार, कुणाची साल उचकटण्यासाठी पोपटासारखी. या बेटांवर डास मुळात नव्हतेच. त्यामुळे डासांमार्फत पसरणाऱ्या रोगांशी लढण्याची ताकद या पक्ष्यांच्या अंगी येण्याचे कारणच नव्हते.

1826 मध्ये ‘वेलिंग्टन’ नावाच्या जहाजाने माउई बेटावरच्या लाहायना बंदरात पाण्याची पिंपे धुतली, आणि तळाच्या पाण्यातल्या अळ्या किनाऱ्यावर आल्या, अशी नोंद आहे. डास होता क्युलेक्स क्विंकेफॅसिएटस. आपल्याकडे घाण पाण्यात वाढणारा आणि हत्तीरोग पसरवणारा तो हाच. पुढे बाहेरून आणलेल्या कोंबड्या आणि शोभेचे पक्षी यांच्याबरोबर देवीसारखे फोड आणणारा विषाणू आला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पक्ष्यांचा मलेरियाही. हा परजीवी, प्लाझ्मोडियम रेलिक्टम, माणसाला होत नाही. पक्ष्याच्या मात्र तांबड्या पेशी फोडतो. पक्षी रक्तहीन होतो, खाणे सोडतो, झाडावरून खाली पडतो.

सखल भागातले पक्षी नाहीसे होण्याचे खापर बराच काळ जंगलतोड आणि उंदरांवर फुटले. ते खोटे नव्हते, पण धडधाकट जंगलही मुके का झाले, याचे उत्तर त्यातून मिळत नव्हते. संशोधक रिचर्ड वॉर्नर यांनी हवाईच्याच दूरच्या लेसान बेटावरचे, डास ठाऊक नसलेले फिंच आणून काहींना बारीक जाळीत ठेवले आणि काहींना डासांसमोर मोकळे. जाळीतले तगले, बाहेरचे मेले. 1968 मध्ये हे प्रसिद्ध झाले. 1995 च्या प्रयोगात ईईवी या लाल, बाकदार चोचीच्या पक्ष्याला बाधित डासाचा एकच चावा दिला, तरी सुमारे 90 टक्के पक्षी दगावले.

मग हे पक्षी उरले कसे? थंडीमुळे. थंडरक्ताच्या डासाच्या पोटात परजीवीची वाढ बाहेरच्या तापमानावर चालते. सुमारे 13 अंश सेल्सियसखाली ती थांबते. 17 अंशांच्या आसपास इतकी रेंगाळते की परजीवी लाळेपर्यंत पोहोचण्याआधी बहुतेक डास मरून जातात. म्हणून साधारण 1500 मीटरच्या वरची जंगले पक्ष्यांचा आसरा ठरली. या आसऱ्याला कुंपण नव्हते. तापमानाची एक रेषा तेवढी होती, आणि आता ती वर सरकते आहे. त्यातच हवाईत डोंगरमाथे सखल भागापेक्षा वेगाने तापत आहेत.

काउआई बेटावर हे सर्वांत आधी दिसले, कारण त्याचे सर्वोच्च शिखर जेमतेम 1598 मीटर. पक्ष्यांनी अजून वर जायचे म्हटले तर वर आभाळ आहे. 2002 च्या एका अभ्यासाने मांडले होते की 2 अंश वाढ झाली तर तिथल्या अलाकाई पठारावरचे 17 अंशांखालचे जंगल 85 टक्क्यांनी घटेल. प्रत्यक्षात धोका भाकितापेक्षा लवकर आला. 1994-97 आणि 2007-13 या दोन काळांत तपासलेल्या रक्तनमुन्यांत मलेरियाचे प्रमाण दुपटीहून अधिक झाले होते. यात पावसाचाही हात आहे, आणि तो सहसा लक्षात येत नाही. ओढे जोरात वाहतात तेव्हा काठच्या खडकांतल्या डबक्यांतल्या अळ्या वाहून जातात. पाऊस घटला की डबकी शांत राहतात आणि अळ्यांना पूर्ण वाढायला वेळ मिळतो. रानडुकरे त्यात भर घालतात. गराच्या लोभाने ती झाडाएवढे नेचे आडवे करतात, आणि पोखरलेल्या खोडात पावसाचे पाणी साचते.

आकिकिकी हा छोटा राखाडी पक्षी केवळ काउआईचा. 2021 मध्ये जंगलात सुमारे 45 उरले होते, 2023 मध्ये 5. अंडी गोळा करून पिंजऱ्यात पिढी वाढवण्याचे काम 2015 मध्ये सुरू झाले. त्यासाठी उंच शिड्या हेलिकॉप्टरने जंगलात न्याव्या लागल्या. मोठ्या हवाई बेटावर डोंगर पुरेसे उंच आहेत, तर वरचे जंगलच गुरांच्या कुरणांसाठी तोडलेले. म्हणून 1985 मध्ये स्थापन झालेल्या हाकालाऊ राखीव जंगलात कोआची झाडे चढाच्या दिशेने लावत नेली, म्हणजे पक्ष्यांना वर सरकायला जागा मिळेल. हे काम उत्तम आहे, पण झाड मोठे व्हायला दशके लागतात.

नुसती जागा बदलून भागत नाही, हे 2019 मध्ये कळले. माउईवरचे किविकिऊ पक्षी हालेआकाला डोंगराच्या दुसऱ्या उतारावर नेऊन सोडले. काही आठवड्यांत बहुतेक मलेरियाने गेले. त्या उंचीवर डास एवढे असतील असा अंदाज नव्हता. आमाकिही या एका जातीने सखल भागात रोग सोसण्याची क्षमता कमावली आहे, पण तिची संख्या आधीच मोठी होती. पाच-पन्नास पक्ष्यांच्या जातीकडून नैसर्गिक निवडीचा तो पल्ला गाठला जाणे कठीण.

म्हणून सध्याचा भर डासांवर आहे. वोल्बाकिया हा जीवाणू बहुतेक क्युलेक्समध्ये असतो. वेगळ्या वाणाचा वोल्बाकिया असलेले नर प्रयोगशाळेत वाढवून जंगलात सोडायचे. नर चावत नाहीत, आणि त्यांच्याशी जुळलेल्या स्थानिक मादीची अंडी उबत नाहीत. पूर्व माउईत नोव्हेंबर 2023 पासून हेलिकॉप्टरने हे नर सोडले जात आहेत. यात दोन अडचणी आहेत. खालून माद्या वर येतच राहतात, त्यामुळे सोडणे थांबवले की डास पुन्हा भरतात. शिवाय नरांमध्ये त्याच वाणाच्या पुरेशा माद्या मिसळल्या तर तो वाणच जंगलात रुजतो आणि मग सोडलेल्या नरांचा उपयोग संपतो. त्यामुळे नर-मादी वेगळे करण्याची पायरी सर्वांत काटेकोर ठेवावी लागते. डास पुरेसे उतरल्याचे सापळ्यांवरून दिसेपर्यंत पिंजऱ्यातले आकिकिकी आणि किविकिऊ जंगलात सोडणे धोक्याचेच आहे.