मैल्याचा गाळ, मायक्रोप्लास्टिक आणि गोड्या पाण्यातले जीव

मैलापाणी शुद्धीकरण प्रकल्पात, म्हणजे एसटीपीत, पाणी निवळून वर निघतं आणि खाली जो काळा, दाट, वासाचा चिखल उरतो तो मैल्याचा गाळ उर्फ स्लज. मायक्रोप्लास्टिक म्हणजे 5 मिमीपेक्षा लहान प्लास्टिकचे तुकडे आणि धागे, हा शब्द 2004 साली रिचर्ड थॉम्पसन यांच्या पेपरनंतर जास्त रुळला. आता या दोघांची गाठ कुठे पडते तर आपल्या मोरीत. अ‍ॅक्रिलिकचे 6 किलो कपडे मशीनला लावले की एका धुण्यात 7 लाखांच्या वर धागे सुटू शकतात, ते ड्रेनेजमधून एसटीपीला जातात आणि चांगला प्लांट असेल तर त्यातले 90 टक्क्यांहून जास्त अडतात. ऐकायला भारी वाटतं, पण अडतात म्हणजे नाहीसे होत नाहीत, गाळात जाऊन बसतात, तोच गाळ खत म्हणून शेतात पसरतात आणि पावसात त्यातला काही परत ओढ्याला लागतो. स्वित्झर्लंडने शेतात असा गाळ टाकणं केव्हाच बंद केलंय.

आणि हे सगळं प्लांट चालू असला तर. मँचेस्टरच्या आसपासच्या नद्यांचा तळ शास्त्रज्ञांनी 40 ठिकाणी खरवडून पाहिला, टेम नदीत एका जागी चौरस मीटरला 5 लाखांहून जास्त कण निघाले. 2015 च्या पुरात यातला साधारण 70 टक्के माल वाहून गेला, पण पुढे त्याच टीमने सांगितलं की तळाशी इतके कण साचायचं मुख्य कारण म्हणजे नदीला पाणी कमी असताना सोडलेलं कच्चं मैलापाणी, कारण तेव्हा प्रवाहाला कण पुढे ढकलायचा जोरच नसतो. मुळा-मुठा उन्हाळ्यात बघितलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

प्लास्टिक बाजूला ठेवलं तरी नुसता मैला पुरेसा आहे. बॅक्टेरिया तो खाताना पाण्यातला ऑक्सिजन ओढून घेतात, माशांना निदान 4 मिग्रॅ प्रति लिटर तरी लागतो, त्यात पाणी तापलं की ऑक्सिजन मुळातच कमी विरघळतो आणि अमोनिया कल्ल्यांना जाळतो तो वेगळाच. मग स्वच्छ पाण्यातले मेफ्लायसारखे किडे आधी गायब होतात आणि गाळात तोंड खुपसून शेपूट वर हलवणारे ट्युबिफेक्स, तेच जे अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात माशांचं खाणं म्हणून मिळतात, आणि कायरोनोमिड नावाच्या डासासारख्या माश्यांच्या लाल अळ्या, यांचं राज्य येतं. अळ्या लाल का, तर रक्तात हिमोग्लोबिन असतं म्हणून त्या ऑक्सिजन नसलेल्या चिखलातही तगतात. फेब्रुवारी 2024 मधे पुण्यात केशवनगर-खराडीकडे नदीवर डासांचं वादळ म्हणून जो व्हिडिओ फिरला, ते जाणकारांच्या मते बहुतेक याच न चावणाऱ्या कायरोनोमिड माश्या.

गाळ खाणारा किडा त्यातलं प्लास्टिकही खातो. ब्रिटनमधल्या साउथ वेल्सच्या नद्यांत तपासलेल्या किड्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या पोटात ते निघालं, आणि तिथला डिपर पक्षी तेच किडे पिलांना भरवतो. डॅफ्नियासारखा इवलासा जीव कण गिळतो, पोट भरल्यासारखं होतं आणि शेवाळ कमी खाल्लं जातं. मला सगळ्यात चटका लावणारी कॅडिसफ्लायची अळी, ती वाळूचे कण रेशमाने चिकटवून अंगाभोवती घर बांधते, जर्मनीत त्या घरात प्लास्टिकचे कण सापडले आणि प्रयोगात असं घर वाळूच्या घरापेक्षा कच्चं निघालं.

पुण्याचं पाणी भीमेतून उजनीत जातं. तिथे आता चिलापीचा जोर आहे, कमी ऑक्सिजनमधे टिकणारा बाहेरून आलेला मासा, आणि भिगवणला लोक खास तोच खायला जातात. माशात मायक्रोप्लास्टिक मुख्यतः पोटात-आतड्यात सापडतं, चिलापी साफ करूनच कढईत जाते, प्रश्न त्या बारीक मासळीचा जी कित्येकदा आख्खीच तळतात.