धार्मिक गट 'कल्ट' केव्हा ठरतो?

'कल्ट' या शब्दाला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही. 'पंथ' आणि 'संप्रदाय' हे शब्द आपण आदराने वापरतो आणि त्यांत संशयाची छटा नसते. मूळ लॅटिन 'कुल्टुस' या शब्दातही ती नव्हती. त्याचा अर्थ उपासना असा होता, आणि ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ जमिनीची मशागत करणे असा होता. आज मात्र एखाद्या गटाला कल्ट म्हटले की त्याच्यावर आरोपच ठेवल्यासारखे होते. त्यामुळे धर्माचा अभ्यास करणारे अनेक समाजशास्त्रज्ञ हा शब्द टाळून 'नव्या धार्मिक चळवळी' असे म्हणणे पसंत करतात. त्यांची सावधगिरी मला रास्त वाटते. इ. स. ११२च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात एका नव्या गटाच्या श्रद्धेचे वर्णन 'विकृत आणि अतिरेकी अंधश्रद्धा' असे केले होते. तो गट ख्रिस्ती लोकांचा होता.

तरीही शब्द टाळल्याने प्रश्न सुटत नाही, कारण काही गटांत माणसे खरोखर उद्ध्वस्त होतात आणि काही वेळा मरतात. तेव्हा निकष शोधावाच लागतो. श्रद्धेचा आशय हा त्यासाठी निरुपयोगी निकष आहे, कारण बाहेरून पाहणाऱ्याला जवळजवळ प्रत्येक धर्मातले काहीतरी अविश्वसनीय वाटतेच. परग्रहावरून आपल्याला न्यायला यान येणार आहे असे मानणारा माणूस नोकरी सांभाळत, भावंडांशी बोलत, मनात शंका आली तर ती उघड मांडत आयुष्य काढू शकतो. त्या समजुतीभोवती माणसामाणसांतले संबंध कसे रचले जातात, हे पाहायला हवे.

त्या रचनेचा पहिला घटक म्हणजे नेत्याची सत्ता. जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर याने तिला करिश्म्यावर आधारलेली सत्ता म्हटले. ती पदावर किंवा नियमांवर उभी नसते. हा मनुष्य असामान्य आहे या अनुयायांच्या खात्रीवर ती उभी असते. म्हणून ती जितकी प्रखर तितकीच नाजूक असते. स्थिरावलेल्या धर्मांत धर्मग्रंथ, परंपरा, मंडळे आणि पदे हळूहळू सत्तेला वेसण घालतात. ज्या गटात नेत्याला 'नाही' म्हणू शकेल असा ग्रंथ, नियम किंवा माणूस उरलेला नसतो, तिथे एका अनुयायाची साधी शंकासुद्धा साऱ्या इमारतीला धोका ठरते.

ही शंका आतल्या आत कशी विझवली जाते, याचे सर्वांत उपयुक्त वर्णन अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट जे लिफ्टन यांनी केले. चीनमधील कम्युनिस्ट राजवटीच्या 'विचार-सुधारणे'च्या, म्हणजे दबावाखाली माणसाची मते बदलण्याच्या प्रक्रियेतून गेलेल्या २५ पाश्चात्त्य आणि १५ चिनी व्यक्तींशी त्यांनी १९५०च्या दशकात हाँगकाँगमध्ये प्रदीर्घ बोलणी केली आणि १९६१ मध्ये अशा वातावरणाची आठ लक्षणे मांडली. त्यांचा विषय राजकीय होता, धार्मिक नव्हता. पण पुढे धार्मिक गटांच्या अभ्यासकांना तीच लक्षणे ओळखीची वाटली. बाहेरून येणाऱ्या माहितीवर आणि भेटीगाठींवर ताबा ठेवणे हे त्यांतले एक, आणि ते सहज कळण्याजोगे आहे. भाषा आणि कबुली ही दोन लक्षणे मात्र अधिक बारकाईने पाहावी अशी आहेत.

मार्च १९९७ मध्ये कॅलिफोर्नियातील 'हेवन्स गेट' या गटाच्या ३९ जणांनी सामूहिक आत्महत्या केली. या गटात शरीराला शरीर म्हणत नसत, 'वाहन' म्हणत. वरच्या पातळीवर जाण्यासाठी वाहन मागे सोडायचे असते, अशी शिकवण होती. वर्षानुवर्षे रोज हाच शब्द बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी 'मी मरणार आहे' हे वाक्यच येत नाही. ते बोलायला लागणारे शब्द झिजून गेलेले असतात, आणि शब्दाबरोबर त्या विचाराची भीतीही बोथट झालेली असते. आतली परिभाषा प्रत्येक व्यवसायाला आणि प्रत्येक धर्माला असते. पण ती इतकी सर्वव्यापी झाली की सदस्याला आपली शंका गटाच्या शब्दांबाहेर मांडताच येत नाही, तेव्हा तिचे स्वरूप बदलते.

कबुलीचेही तसेच आहे. आपली चूक मोकळेपणाने सांगण्याने मन हलके होते, आणि अनेक धर्मांनी ते ओळखले आहे. पण अमेरिकन धर्मोपदेशक जिम जोन्सच्या 'पीपल्स टेंपल' या गटामध्ये सदस्यांना सर्वांसमोर उभे करून दोष काढले जात, आणि न केलेल्या गुन्ह्यांच्या कबुल्यांवर त्यांच्या सह्या घेतल्या जात. ते कागद गटाकडे राहत. उद्या सोडून जावेसे वाटले तर आपल्याच सहीचा कागद आपल्याविरुद्ध उभा राहील, हे प्रत्येकाला ठाऊक असे.

येथे 'ब्रेनवॉशिंग', म्हणजे कोणाचेही मन तंत्राने हमखास बदलता येते, या लोकप्रिय कल्पनेबद्दल लिहिणे आवश्यक आहे, कारण तिने समज कमी आणि भीती अधिक पसरवली आहे. ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ आयलीन बार्कर यांनी कोरियात जन्मलेल्या युनिफिकेशन चर्च या नव्या धार्मिक गटाचा अनेक वर्षे अभ्यास केला. लंडन परिसरात १९७९ मध्ये या गटाच्या कार्यशाळांना आलेल्या सुमारे १,००० जणांपैकी जवळपास ९० टक्के लोक सदस्य झालेच नाहीत, आणि दोन वर्षांनी पूर्णवेळ सदस्य म्हणून उरलेल्यांचे प्रमाण ५ टक्क्यांहून कमी होते. अटळ असे कोणतेही तंत्र हाताशी असते तर आकडे असे आले नसते. तरीही त्या काळात काही पालकांनी पैसे देऊन आपल्या प्रौढ मुलांचे अपहरण करवले आणि त्यांची मते 'उलटवून' घेतली. मुलांच्या काळजीपोटी केलेली तीही जबरदस्तीच होती.

सामील होणारे लोक भोळे किंवा अशिक्षित असतात, हाही गैरसमजच आहे. २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरिन हा विषारी वायू सोडणाऱ्या 'ओम शिनरिक्यो' या जपानी गटाच्या सदस्यांत हृदयरोगाचा शल्यचिकित्सक होता आणि भौतिकशास्त्र शिकलेले तरुणही होते. या गटाची सुरुवात १९८४ मध्ये एका योगवर्गातून झाली होती. पीपल्स टेंपलचा आरंभ तर आजही आदर वाटावा असा आहे. १९५०च्या दशकात इंडियानापोलिसमध्ये गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र प्रार्थना करतील असे ते चर्च होते, आणि तिथे गरिबांना जेवण दिले जाई. जोन्स पुढे सॅन फ्रान्सिस्कोच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा अध्यक्षही झाला. अशा गटात शिरणारा माणूस कल्टमध्ये शिरत नसतो. तो चांगल्या कामात, आपुलकीच्या माणसांत शिरत असतो. पुढची मागणी आधीच्या मागणीपेक्षा थोडीशीच मोठी असते. आधी संध्याकाळ द्यायची, मग पगार, मग घर, मग मुलांचा ताबा.

या सगळ्यात मला एक कसोटी सर्वांत विश्वसनीय वाटते, ती म्हणजे सोडून जाणाऱ्याचे काय होते. शंका घेणाऱ्याला उत्तर मिळते की शिक्षा होते, गेलेल्याशी त्याचे आईवडील आणि मुले बोलू शकतात का, हे तपासता येते आणि त्यासाठी कोणाच्या देवाबद्दल मत देण्याची गरज पडत नाही. फ्रान्सच्या अनुभवातूनही हेच दिसते. तेथील संसदीय समितीने १९९५च्या अहवालात १७३ गटांची कल्ट म्हणून यादी केली होती, आणि २००५ मध्ये पंतप्रधानांच्या परिपत्रकाने अशा याद्यांवर विसंबू नये असे सांगितले. मधल्या काळात, २००१ मध्ये झालेल्या कायद्याने मात्र माणसाच्या दुर्बल किंवा मानसिकदृष्ट्या अंकित अवस्थेचा गैरफायदा घेण्याच्या कृतीवर बोट ठेवले.

नोव्हेंबर १९७८ मध्ये दक्षिण अमेरिकेतील गयानाच्या जंगलात जोन्सच्या गटाने वसवलेल्या जोन्सटाउन येथे अमेरिकन काँग्रेस सदस्य लिओ रायन पाहणीसाठी गेले, तेव्हा ९००हून अधिक रहिवाशांपैकी जेमतेम १५-१६ जणांनी त्यांच्याबरोबर परतण्याची इच्छा व्यक्त केली. टक्केवारीत ते दोनसुद्धा नव्हते. १८ नोव्हेंबरला धावपट्टीवर गोळीबार होऊन रायन आणि अन्य चार जण मारले गेले, आणि त्याच संध्याकाळी वस्तीत सायनाइड मिसळलेले पेय वाटण्यात आले. त्या दिवसातील एकूण ९१८ मृतांमध्ये सुमारे ३०० मुले होती. शेवटच्या सभेची सुमारे ४४ मिनिटांची ध्वनिफीत उपलब्ध आहे. तीत एक स्त्री जोन्सशी वाद घालताना ऐकू येते. गटात आधी चर्चिलेला रशियाला जाण्याचा मार्ग अजून मोकळा नाही का, असे ती विचारते, आणि लहान मुलांना जगण्याचा हक्क आहे असे सांगते. जोन्स तिला उत्तरे देत राहतो. तिला गप्प बसवतात ते मात्र सभेत बसलेले तिचेच सोबती, ज्यांच्यापैकी कित्येकांची मुलेही त्याच वस्तीत होती.