मॅक्रो फोटोग्राफीतला फ्लॅश

किडे, कोळी, फुलातले पुंकेसर, दागिन्यातले खडे, दात अशा बारीक गोष्टींचे एकदम जवळून फोटो काढताना उजेडासाठी फ्लॅश वापरतात, त्याला सरसकट मॅक्रो फ्लॅश म्हणतात. सेन्सरवर पडणारी प्रतिमा विषयाच्या खऱ्या मापाएवढी असली की ते १:१ किंवा लाइफ साइज, आणि खरं मॅक्रो इथून सुरू होतं असं जुनी मंडळी मानतात, पण आता अर्ध्या मापाच्या फोटोलाही सगळे मॅक्रोच म्हणतात आणि त्यात काही बिघडत नाही. मुंबईत याचा सीझन म्हणजे पावसाळा. आरे, बोरिवलीचं नॅशनल पार्क, माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान, ठाण्याकडचं येऊर, आणि मोठी ओहोटी असेल तेव्हा खडकाळ समुद्रकिनारे, या सगळ्या ठिकाणी गळ्यात कॅमेरा आणि त्यावर पांढरा डिफ्युजर, म्हणजे फ्लॅशचा उजेड पसरवून मऊ करणारा पडदा, लावलेली माणसं हमखास पानांखाली वाकून बघताना दिसतात.

फ्लॅश लागतोच का

लागतो, कारण जवळ गेलं की उजेड कमी पडतो आणि फोकस पातळ होतो, दोन्ही एकाच वेळी. फुलफ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर १:१ ला एफ/११ ठेवलं (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र बारीक) तरी शार्प दिसणारा भाग जेमतेम सव्वा मिलिमीटर जाडीचा असतो, एफ/२.८ वर तर मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे मुंगीचा डोळा शार्प आला तर तिच्या मिशा गेल्याच म्हणून समजा. म्हणून अॅपर्चर, म्हणजे हे छिद्र, बारीक करावं लागतं. त्यात १:१ ला लेन्स स्वतःच दोन स्टॉप (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा) उजेड खाते, कॅमेऱ्यावर एफ/११ दिसत असलं तरी सेन्सरपर्यंत पोचतो तो एफ/२२ एवढाच. आता जुलैतलं आभाळ, वर झाडांचं छत, पानावर वारा, हात थोडा तरी हलतोच, आणि अशा वेळी नुसत्या नैसर्गिक उजेडात काढायचं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, इतकी चढवावी लागते की कोळ्याच्या अंगावरची लव आणि नॉइज, म्हणजे फोटोत उठणारे दाणे, यात फरक कळत नाही.

फ्लॅशने हे सगळं सुटतं आणि ते नुसतं उजेड वाढला म्हणून नाही. फ्लॅशचा स्फुरण-काळ, म्हणजे पेटून विझेपर्यंतचा वेळ, फार छोटा असतो, साधा स्पीडलाइट, म्हणजे कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश, १/१६ पॉवरवर ठेवला तर साधारण १/१०,००० सेकंद, त्याहून कमी पॉवरला अजून छोटा. शटर १/२०० असलं तरी चित्र घडतं ते त्या क्षणापुरतंच, हात हलो की पान हलो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशची ही ताकद एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३० च्या दशकापासून दाखवून दिली होती, दुधाच्या थेंबाचा मुकुट झालेला त्यांचा फोटो बहुतेकांनी पाहिलेला असतो. मॅक्रोवाले आज तेच तत्त्व वापरतात, फक्त थेंबाच्या जागी चतुर किंवा टाचणी (चतुरासारखाच बारीक किडा) असते.

एक मात्र लक्षात ठेवायचं, हाय स्पीड सिंक, म्हणजे नेहमीपेक्षा वेगवान शटरला फ्लॅश वापरायची सोय, चालू केली की फ्लॅश एकदा जोरात न पेटता लागोपाठ बारीक बारीक पेटत राहतो, त्यामुळे पॉवरही जाते आणि गोठवायची ताकदही जाते. मॅक्रोला नॉर्मल सिंक स्पीड, म्हणजे साध्या फ्लॅशसोबत चालणारा सगळ्यात वेगवान शटर, बहुतेक कॅमेऱ्यांत १/१६० ते १/२५०, तेवढा पुरतो. एफ/१६ च्या पुढे उगाच जाऊ नये, डिफ्रॅक्शनने, म्हणजे फार बारीक छिद्रातून उजेड पसरल्याने, अख्खा फोटो मऊ पडतो.

डिफ्युजर, म्हणजे खरं काम

नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो की फ्लॅश कुठला घेऊ, आणि विचारायला पाहिजे की डिफ्युजर कसा करू. मॅक्रोत विषय इतका जवळ असतो की स्वस्तातल्या मॅन्युअल फ्लॅशची पॉवरही उरते, महागड्या फ्लॅशने फोटो चांगला येत नाही. उजेड मऊ की कडक हे ठरतं फक्त एका गोष्टीवर, किड्याच्या जागेवरून बघितलं तर दिवा केवढा मोठा दिसतो. मे महिन्यातलं भर दुपारचं ऊन आणि जूनमधलं पूर्ण भरलेलं आभाळ, उजेडाचा मूळ स्रोत सूर्यच, पण पहिल्यात काळ्याकुट्ट सावल्या आणि दुसऱ्यात सावलीच सापडत नाही, डिफ्युजर म्हणजे किड्याच्या डोक्यावर असं आभाळ आणून ठेवणं.

१०० एमएमच्या मॅक्रो लेन्सला १:१ वर लेन्सच्या तोंडापासून विषय साधारण १३ ते १५ सेंटीमीटरवर येतो. कॅमेऱ्यावर बसवलेला उघडा फ्लॅश अशा वेळी एकतर विषयाच्या वरून निघून जातो नाहीतर लेन्सचीच सावली पाडतो. म्हणून फ्लॅशचा उजेड पुढे आणून लेन्सच्या तोंडाजवळ, विषयाच्या थोडं वर, रुंद पांढऱ्या पडद्यातून सोडायचा. पडदा कशाचाही चालतो, ट्रेसिंग पेपर, पॅकिंगचा पातळ फोम, दुधाळ प्लॅस्टिकच्या डब्याचा कापलेला भाग. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीत यातलं बरंचसं किरकोळ पैशात मिळतं, आणि जुना फ्लॅश बघायचा असेल तर फोर्टातला बोरा बाजार आहेच. दोन थर लावावेत, थरांमध्ये थोडी मोकळी जागा ठेवावी, म्हणजे मधोमध जो तेजस्वी ठिपका उरतो तो पसरतो.

डिफ्युजर जमलाय की नाही हे उड्या मारणाऱ्या कोळ्याच्या डोळ्यात बघावं. त्याचे समोरचे दोन मोठे डोळे काळेभोर आणि गुळगुळीत असतात, त्यात डिफ्युजरचं अख्खं प्रतिबिंब दिसतं, कडा करकरीत असेल तर तीही दिसते, फोमची घडी पडली असेल तर घडीसुद्धा. चांगल्या डिफ्युजरचं प्रतिबिंब मधे उजळ आणि कडेला विरत जाणारं असतं आणि तेव्हाच तो डोळा गोल वाटतो, नाहीतर काळ्या बटणावर पांढरा चौकोन चिकटवल्यासारखा दिसतो. चकचकीत भुंग्यांचं याहून कठीण, त्यांच्या पाठीवर रंग दिसण्याऐवजी पांढरा चट्टाच उठतो. तिथे डिफ्युजर अजून जवळ न्यायचा, किंवा फ्लॅशवर पोलरायझरची (चकाकी कापणाऱ्या फिल्टरची) शीट आणि लेन्सवर पोलरायझर त्याच्या काटकोनात, चकाकी जाते पण दोन-तीन स्टॉप उजेडही जातो आणि कधीकधी भुंगा रबराचा वाटायला लागतो. ओहोटीच्या डबक्यातल्या समुद्री गोगलगायींना मात्र ही युक्ती फार कामाची, पाण्यावरची चमक कापली जाते.

काळी पार्श्वभूमी

फ्लॅशचा उजेड अंतराच्या वर्गाने घटतो. डिफ्युजरपासून १० सेंटीमीटरवर मुंगी आणि ४० सेंटीमीटरवर मागचं पान असेल तर पानाला सोळावा हिस्सा उजेड, म्हणजे चार स्टॉप कमी. म्हणून भर दिवसा काढलेला फोटोही रात्रीचा वाटतो. रात्रीच्या पतंगाला ते शोभतं, पण फुलावरच्या मधमाशीला अजिबात नाही. उपाय सोपे आहेत, शटर १/६० पर्यंत खाली आणून आयएसओ थोडा वाढवायचा म्हणजे मागचा नैसर्गिक उजेडही येतो, किंवा विषयाच्या मागे जवळ एखादं पान येईल असा कोन घ्यायचा.

रिंग, ट्विन आणि बाकी

लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश १९५० च्या दशकात दातांच्या फोटोग्राफीसाठी आला आणि डेंटिस्ट लोकांसाठी अजूनही बरोबर आहे, तोंडाच्या आत सावली नको असते. किड्याला मात्र तो सपाट करून टाकतो. ट्विन फ्लॅशमध्ये दोन छोटे दिवे वेगवेगळ्या कोनात फिरवता येतात, पण डिफ्युजर नसेल तर डोळ्यात दोन टोचणारे ठिपके येतात. झवेरी बाजाराच्या दागिन्यांचं गणित वेगळं, सोन्याला मऊ उजेड लागतो आणि हिऱ्याला तेवढ्याने चमक येत नाही, त्याला एखादा उघडा बारीक दिवा लागतोच.

निसर्गनोंदींमध्येही या फोटोंचा उपयोग होतो. २०२१ मध्ये ठाणे परिसरातून उड्या मारणाऱ्या कोळ्याची एक नवीन जात नोंदली गेली आणि हुतात्मा तुकाराम ओंबळे यांच्या नावावरून तिला आयसियस तुकारामी हे नाव दिलं. जात पक्की करायला सूक्ष्मदर्शकच लागतो, पण डोळ्यांची मांडणी, लव, पायांवरचे पट्टे शार्प असतील तर जाणकार निदान कुळापर्यंत तरी पोचतो.

मैदानात उतरताना

फोटोसाठी किडा फ्रिजमध्ये ठेवून सुस्त करणं, जाळ्यातून कोळी काढणं, विणकर मुंग्यांचं घरटं उचकटणं हे करूच नये, चार फोटो घेऊन त्याला त्याच्या जागी सोडून पुढे जावं. नॅशनल पार्कात अंधार पडल्यावर परवानगीशिवाय थांबता येत नाही, आणि आरेत बिबटे आहेत, रात्री एकट्याने डोळा व्ह्यूफाइंडरला लावून बसणं बरं नाही. एसीतून थेट दमट हवेत कॅमेरा काढला की लेन्सवर वाफ धरते, बॅग बंद ठेवून अर्धा तास थांबावं. घरी आल्यावर सगळं पुसून सिलिका जेलसोबत हवाबंद डब्यात ठेवावं, मुंबईच्या हवेत लेन्सला बुरशी लागायला एक पावसाळा पुरतो. फ्लॅश भिजला तर बॅटरी काढून सुकू द्यावा, पण स्वतः उघडू नये, आतल्या कपॅसिटरमध्ये बंद केल्यावरही ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो.